वाघिणींचं ताट

— न्हाय न्हाय, उठू नका हो, तसं कसं चालंल, सौम्या आली की दोघं मिळून जावा की — किट जमा करायला गेलीय ती, नागेंद्र सरांकडं, कोच न्हवं का तिचे, त्यांच्याकडं — येईल, अर्ध्या तासात येईल, न्हायतर पाऊण तासात. तुम्ही नंदगडहून दोन गाड्या बदलून निपाणीला आलासा, आणि पोरीच्या आक्काकडं नुसता चहा पिऊन जाणार? लोक मला काय म्हणतील? पद्मावती आक्काच्या वखारीत चार वर्षं वीस-वीस पोरी जेवल्या आणि पोरीचा बाप तेवढा उपाशी गेला, असं? बसा. त्या पाटावर नको, तो डुगडुगतोय, या इकडच्या पाटावर बसा. ट्रंक? तिची ट्रंक कुठं दिसंना म्हणतासा? — वर हाय, माळ्यावर. बिछाना बी माळ्यावर. उंदीर लागतात ना खाली, म्हणून. भाकरी टाकते गरम, तुम्ही हात धुवा.

शिंकलासा? शिंका, शिंका, लाजू नका. तंबाखूची वखार ही, पन्नास वर्षं इथं पोती रचली, माल गेला पण वास भिंतीत बसलाय. वर्धमान शेठ — टीमचे मालक हो, माझे चुलत दीर — ते चार वर्षांमागं आले, म्हटले, वहिनी, मुलींची फुटबॉल टीम काढतोय, लीगमधी खेळणारी, पगारी, वखार रिकामीच पडलीय, पोरी तिथं राहतील, जेवणाचं तुम्ही बघा. मी म्हटलं, भाऊजी, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? पोरी — फुटबॉल — आणि निपाणीत? पण ऐकतात कुणाचं! नाव बी ठेवून मोकळे झालते, निपाणी वाघिणी. आल्या त्या वाघिणी ट्रंका घेऊन, आणि पहिला महिनाभर काय केलं असंल? शिंकल्या. मैदानात उतरायच्या आधी ओळीनं वीस शिंका. मैदान हे काय, भिंतीला लागूनच. नागेंद्र सर कपाळाला हात लावून कानडीत काय-काय बोलायचे, मला सगळं कळायचं, पण तुम्हाला सांगत न्हाय, जेवताय तुम्ही.

घ्या, चटणी घ्या. कांदा न्हाय त्यात, लसूण न्हाय, आम्हा जैनांत चालत न्हाय. बटाटा बी न्हाय. आणि दिवस मावळला की माझी चूल बंद, मग देव आला तरी भाकरी न्हाय. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. पोरी एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या! एक केरळची, दोघी गोव्याकडच्या, मासे बघितल्याशिवाय घास न उतरणाऱ्या. पाटलांच्या गल्लीतले लोक तर खदाखदा हसायचे — शाकाहारी वाघिणी म्हणे! व्हय, शाकाहारी. स्टँडवर अंड्याचा गाडा लागतो, तिथं जाऊन खायच्या गुपचूप, मला काय वास येत न्हवता? यायचा. मी एवढंच म्हणायचे, दात घासून या आणि मग पाटावर बसा. पोटाला लागतंय ते खाऊ द्या की, पळतात किती! पण वेळ मात्र माझी. ते बघा दार, त्याच्या पुढं पायऱ्या — ऊन तिसऱ्या पायरीवर उतरलं की मी ते खुंटीवरचं पितळंचं ताट काढायचे आणि पळीनं वाजवायचे. तीनदा, मधी थांबून. ठण्… ठण्… ठण्. वाजलं रं वाजलं की मैदानातनं, न्हाणीतनं, गच्चीवरनं, हातातलं टाकून पोरी पळत यायच्या. पहिली कोण? तुमची सौम्या. गोलकीपर ना, तिचा गोल या खिडकीच्या अगदी समोर, तिलाच पहिल्यांदा ऐकू जायचं. पाच फूट दहा इंच पोरगी, दारात वाकूनच यावं लागायचं, आणि चार वर्षांत एकदा बी वाकायची आठवण राहिली न्हाय — रोज टाळकं आपटायचीच. हसतासा? घरी बी आपटते? असंल, असंल.

आणखी अर्धी घ्या. अहो घ्या, येईलच ती, सर एकेक मोजा मोजून घेतात, वेळ लागतोय. — तर काय सांगत होते? व्हय, यंदाचं वर्ष. दिवाळीच्या आधी शेठ लाडवाचा डबा घेऊन आले. एरवी हात हलवत येणारा माणूस, डबा घेऊन आला म्हटल्यावर मला कळलंच काय ते. म्हटले, पोरींनो, ज्यांच्या जिवावर चालवत होतो ते मागं सरले, मला एकट्याला आता झेपंना, हे शेवटचं वर्ष, संक्रांतीनंतर टीम बंद. आणि रडले हो! एवढा मोठा माणूस, त्या तिथं, वजनकाट्याला टेकून. पाचजणी तर आठवड्यातच दुसऱ्या टीमात गेल्या, त्यांना नावं ठेवायची न्हाईत, पोटाचा प्रश्न हाय. उरल्या पंधरा. आता मला सांगा, टीम मोडणार म्हटल्यावर पोरी कशा खेळतील? रडत-खडत, असंच वाटलं न्हवं? मला बी तसंच वाटलं. पण ती ऋतिका, बेळगावची, कॅप्टन — ती ताटावर बसल्या-बसल्या म्हटली, आता कुणाला भ्यायचं गं? पुढच्या वर्षी काढून टाकतील म्हणून? पुढचं वर्षच न्हाय की! आणि सगळ्या अशा हसायला लागल्या, अशा हसायला लागल्या, की आमटी सांडली.

आणि जिंकायला लागल्या! तीन वर्षं खालनं दुसरा नंबर सोडला न्हवता, आणि मरताना बाळसं धरलं टीमनं. गाव लोटलं बघायला. जे शाकाहारी म्हणून हसले तेच भिंतीवर चढून बसायचे. बिड्या वळणाऱ्या बायका सूप मांडीवर घेऊन मैदानाच्या कट्ट्यावर, हात बिडीवर आणि डोळे बॉलवर. त्यातली मालुबाई म्हणून एक, तिचा आवाज तर पार कोगनोळीच्या नाक्यावर जायचा — धर गं सौम्याऽ, धर! आणि सौम्या धरायची. काय धरायची हो! हवेत आडवी झोपल्यासारखी. एकदा दोन पेनल्ट्या अडवल्या एकाच मॅचमधी, त्या दिवशी मालुबाईनं बिड्यांचं सूप उधळलं, सगळ्या बिड्या मातीत, आणि परत सगळ्यांनी मिळून वेचल्या, समोरच्या टीमच्या पोरींनी बी वेचल्या. मला काय कळतंय फुटबॉलातलं, मी आपली खिडकीतनं बघायचे — ऑफसाइड तेवढं कळतं. आणि कॉर्नर. आणि ते डाव्या बाजूनं ऋतिका आत घुसायची ते. बाकी काय न्हाय.

काय म्हटलासा? सोमवारपासून? पतसंस्थेत? — व्हय व्हय, सौम्या म्हटली होती, क्लार्कची जागा हाय, तुम्ही लई खटपट केलासा म्हणून. चांगलं हाय. न्हाय, चांगलंच हाय, पंखा असतो, खुर्ची असते. बसून काम. सौम्यानं बसून काम. — दही घ्या.

न्हाय, मी कुठं नाक मुरडलं? मी काय म्हणते, पोरीला एकदा विचारून… हां? शेवटच्या मॅचचं? असला गोल शाळेतलं पोर बी अडवतंय — असं म्हणतासा? पेपरात आलंय म्हणून? गोलकीपरच्या चुकीनं वाघिणींचा कप हुकला, हेच ना? वाचलं मी बी. पेपरवाल्याला काय कळतंय, तो हाफटाइमलाच भडंग खाऊन निघून गेलता. मारुतीराव, एक गोल, एक! सबंध वर्षात त्या पोरीनं किती अडवले ते कुणी छापलं? आणि असल्या एका गोलावरनं काय ठरतंय? गोव्यातल्या लोकांनी ठरवलं का? त्यांनी तर तिला…

गोवा? मी गोवा कुठं म्हटलं? — त्या दोघी गोव्याकडच्या होत्या ना, त्यांचं म्हणत होते. मासे खाणाऱ्या. त्या गेल्या गोव्याला. पोचल्या असतील. — न्हाय हो, सौम्याचा काय संबंध. माळ्यावर? माळ्यावर कशाला चढतासा, जिना मोडकाय, अंधार हाय तिथं — बसा की, मारुतीराव, ताट तसंच टाकून उठू नये —

बरं. न्हाय माळ्यावर ट्रंक. सहाच्या गाडीनं निघालीय ती गोव्याला, स्टँडवर गेलीय. झालं? तिथली टीम हाय एक, या महिन्यात त्यांच्याबरोबरची मॅच झाली त्यात बघितलं त्यांनी तिला, फोन आला, उद्या सकाळी आठला मैदानात हजर राहा म्हणून. एक महिना बघतील, जमली तर दोन वर्षं ठेवून घेतील. आणि मला म्हटली, आक्का, बाबा येतील न्यायला, दिवस मावळेपर्यंत त्यांना बोलण्यात गुंतवा, तुम्हाला येतं ते. येतं मला, व्हय, तासभर झाला की, चार भाकरी गेल्या तुमच्या पोटात! बाबांना तोंडावर न्हाय म्हणायला जीभ उचलत न्हाय म्हणते. शिव्या द्यायच्या तर मला द्या. पिशवी उचलतासा? उचला. थंडी पडलीय बाहेर, कानाला काहीतरी बांधा न्हायतर परत शिंकत…

थांबा. थांबा जरा. हा मफलर — तांबड्या चौकड्यांचा — आणि गाठ अशी डाव्या कानावर… इकडं या. या खिडकीशी या. काय दिसतंय? गोलचे खांब. त्याच्या बाजूला भिंत. भिंतीपलीकडं ती बाभळ, आणि बाभळीखाली सिमेंटचा पाइप. यंदा दर मॅचला त्या पाइपावर एक माणूस उभा असायचा. भर दुपारच्या उन्हात कानाला मफलर! हाफटाइम झाला, सौम्या या बाजूच्या गोलात आली, की हा हजर. मॅच फुकट, तिकीट लावलेलंच न्हवतं, तरी आत यायचा न्हाय, पेनल्टी असली की पाठ फिरवून बाभळीकडं तोंड करायचा, आणि लोक ओरडले की मगच वळायचा. पोरी त्याला मफलरमामा म्हणायच्या. मी दोनदा चहा पाठवला, दोन्ही वेळा पळून गेला. तुम्हीच व्हय ते? — अगं बाई. — घरी काय सांगून येत होतासा, बेळगावला खत आणायला जातोय? सहा वेळा खत? आणि सौम्याला माहीत न्हाय? का हो? डोक्यावर बसंल म्हणून! मारुतीराव, तुम्ही माणूस हाय का बाभळ?

म्हणजे शेवटच्या मॅचला बी होतासा. पेपर न्हाय वाचला तुम्ही, डोळ्यांनी बघितलासा. बॉल समोरनं येतोय, साधा, घरंगळत, आणि पोरगी मागं खिडकीकडं मान वळवून बघतीय — हेच बघितलासा न्हवं? म्हणून मनात धरलंय, हिचं लक्षच न्हाय, हिला पतसंस्थाच बरी. — बसा परत. न्हाय, उभं राहूनच ऐका, वेळ न्हाय आता. हे मी बस्तीत, आमच्या देवळात, देवापुढं बी बोलले न्हाय, नऊ दिवस झाले.

रोज मॅच साडेतीनला. सव्वापाचला संपायची. त्या दिवशी बेंगळुरूच्या पोरींची गाडी संकेश्वरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांत अडकली, मॅच सुरू व्हायलाच चार वाजून गेले. मला माहीत होतं. माहीत होतं हो, मीच त्या पोरींना पाणी दिलं. पण शेवटचं जेवण म्हणून पुरणपोळ्या करायला घेतलत्या, पंधराजणी, सर, शेठ, मालुबाईला बी सांगितलतं, पुरण खाली लागायला आलतं, तव्यावर पोळी, आणि मी वळून बघितलं तर — ऊन तिसऱ्या पायरीवर. चार वर्षांची सवय. हात गेला खुंटीकडं. मॅच संपायला पाच मिनिटं, एक-एक बरोबरी, बरोबरी राहिली तरी दुसऱ्या नंबरचा कप आपला — आणि मी ताट वाजवलं. ठण्. पहिल्याच ठोक्याला सौम्यानं मान वळवली. वळवणारच! चार वर्षं वळवत आली ती. दुसऱ्या ठोक्याला मी खिडकीतनं बघितलं, बॉल जाळ्यात. तिसरा ठोका माझ्यानं वाजलाच न्हाय. पळी तशीच हातात, आणि तव्यावर पोळी करपली, तिचा धूर.

कुणाला कळलं न्हाय. एवढा गलका, बाकीच्यांना कुठं ऐकू जातंय, तिलाच तेवढं. सर तिच्यावर ओरडले, लोक हळहळले, मालुबाई सूप उचलून न बोलता घरी गेली. आणि सौम्या आत आली, दारात टाळकं आपटलं, आणि पाटावर बसून म्हटली, आक्का, वाढा, भूक लागलीय. मी रडायला लागले तर माझा हात धरला. म्हटली, कुणाला सांगायचं न्हाय, शपथ हाय, जन्मभर म्हणतील आक्कानं जेवायला बोलावून मॅच घालवली — मी काय, माझ्यावर आणखी लई गोल व्हायचेत, तुमचं ताट एकच हाय. आणि सात पोळ्या खाल्ल्या. सात! नऊ दिवस सगळ्यांची बोलणी खाल्ली, ब्र काढला न्हाय. आणि मी? मी गप्प. एवढ्या वर्षांचं व्रत-वैकल्य, आणि पोरीच्या नावावर माझी चूक घालून गप्प. तुम्हाला बी सांगणार न्हवते. सहा वाजले की हात जोडून वाटेला लावणार होते. पण सहा वेळा पाइपावर उभ्या राहिलेल्या माणसाशी खोटं कसं बोलू?

आता ऐका. ऊन बघा — गेलं तिसऱ्या पायरीवरनं. सहाला दहा कमी हाईत. स्टँड इथनं चालत सात मिनिटं, पळत चार. अडवायला जाणार असाल तर खाली बसा, दार लावते मी, गाडी गेल्यावर उघडीन, मग काय व्हायचं ते होऊ दे. पण तसं नसंल तर… काय विचारलासा? — गाडीत? व्हय, आंबोलीच्या घाटात लई थंडी असती. खिडकी बी नीट लागत न्हाय त्या गाडीची. — मफलर? तिला? द्या की! काढा, घडी कशाला घालतासा, तसाच न्या, उबदार हाय.

हा डबा घ्या. दशम्या हाईत, मघा घाईत विसरून गेली. गोव्यात बी दिवस मावळायच्या आत जेव म्हणावं, मासे खाल्ले तरी चालतील. पतसंस्थेचं सोमवारी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, खत संपलंय म्हणून सांगा. आणि थांबा — हे ताट घ्या. अहो, घ्या! आणि पळी. स्टँडवर शंभर लोक हाका मारत असतात, तुमच्या हाकेला कोण बघतंय, आणि तुम्ही येणार असं तिला वाटणार बी न्हाय. गाडी हलली असली तरी फाटकाशी वळताना हळू होतीय. तिथं उभं राहून वाजवा. तीनदा, मधी थांबून. कुठं बी असली तरी पहिल्या ठोक्याला मान वळवंल, मी सांगते. लोक बघतील? बघू देत की, आता तरी बाभळीकडं तोंड करू नका.

परत कशाला आणून देतासा? मी काय करू त्याचं, इथं आता जेवायला कोण येणार हाय. मारुतीराव, दार! — लागलं? लागणारच, बापलेक सारखेच. चपला राहू द्या, पळा!